मुंजीसाठी कवळी

उमरग्यात मी दवाखाना थाटला तो दात राखण्यासाठी, आणि लोक यायचे ते दात उपटून घ्यायला. दात काढावा लागला म्हणजे डॉक्टरनं हार मानली, असं नागपूरला शिकताना आमच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. कीड कोरून काढायची, पोकळीच्या भिंती सरळ करायच्या, तळाशी सिमेंटचा पातळ थर द्यायचा आणि वर चांदी दाबून दाबून भरायची. वीज गेली तर पायानं चालवायचं यंत्रही होतं, शिलाई मशीनसारखं. एवढ्या जय्यत तयारीनं मी बसलेला, आणि माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच तोंडात बोट घालून सांगायचा, "ह्यो काढा." मी म्हणायचो, भरून देतो, अजून पुष्कळ वर्षं चालेल. "नगं डॉक्टर, पुन्ना दुखंल. लई जाच हाय ह्येचा." मी चिडायचो, हुज्जत घालायचो आणि शेवटी पकड उचलायचो.

दवाखाना म्हणजे खरेदी-विक्री संघाच्या इमारतीतला वरचा गाळा. खाली खताचं गोदाम. युरियाच्या पोत्यांचा वास जिन्यानं वर यायचा आणि माझ्या लवंगेच्या तेलाच्या वासात मिसळायचा. शेतकरी खाली खताच्या रांगेत चप्पल ठेवून वर यायचे, दाढ काढून घ्यायचे आणि कापसाचा बोळा चावत पुन्हा रांगेत जाऊन उभे राहायचे. साखर कारखाना नवा होता, सहकारी. ज्यांच्या विहिरीला पाणी होतं ते उसाच्या गोष्टी करायचे, बाकीचे टँकरच्या. बहात्तरच्या दुष्काळात जी लेकरं रांगत होती त्यांना आता मिसरूड फुटत होतं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या पुढच्या दातांवर एक आडवी खाच असायची, साधारण एकाच उंचीवर. दात हिरडीच्या आत घडत असताना पोटाला कमी पडलं की तेवढा पट्टा कच्चा राहतो. त्या पोरांना त्याचं काहीच वाटायचं नाही. दात असेच असतात, अशी त्यांची समजूत होती, आणि त्यांच्या सोबत्यांकडे पाहिलं तर ती चुकीचीही नव्हती.

माझं स्वतःचं गाव मुरुमच्या बाजूला. आम्ही बौद्ध. वडील शाळेत शिपाई होते; निवृत्त झाल्यावर माझ्याकडे उमरग्याला येऊन राहिले. छपन्ननंतर त्यांनी घरातले देव बाहेर काढले ते कायमचे, आणि त्यांच्याबरोबर देवळाबद्दलची, भटजींबद्दलची बोलणीही बंद केली. शिव्या देणं नाही, कौतुक नाही. "त्यांचं त्यांच्यापाशी," एवढंच म्हणायचे.

माझी जात गावाला ठाऊक होती. गावाला सगळंच ठाऊक असतं. दाढ दुखत असेपर्यंत जातीचा विषय कुणी काढत नसे. दाढ निघाली आणि चूळ भरायची वेळ आली की काहीजण घुटमळायचे. मी पाण्याचा ग्लास पुढं करायचो आणि ते पिशवीतून आपला तांब्या काढायचे. "दुष्काळाचे दिवस डॉक्टर, तुमचं पाणी कशाला खर्ची घालता," असं म्हणायचे, अगदी गोड आवाजात. दुष्काळाचा इतका सोयीस्कर उपयोग मी दुसरीकडे कुठं पाहिला नाही. सुरुवातीला मला फार राग यायचा. पुढं मी ग्लास हातात देणंच सोडून दिलं. बेसिनच्या कडेला भरून ठेवायचो. घ्यायचा त्यानं घ्यावा, नाही त्यानं तोंडात रक्त घेऊन घरी जावं.

गुरुजी आले ते ना दात काढायला ना भरायला. त्यांच्या तोंडात एकही दात उरलेला नव्हता. जुन्या गावातले भिक्षुक, सत्तरीकडे झुकलेले, धोतर, काळी टोपी आणि काखेत तीच ती पिशवी, आत तांब्या. खुर्चीत बसून त्यांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं मला कळलं नाही. गाल आत गेलेले, ओठ आत वळलेले, शब्द बाहेर येण्याऐवजी तोंडातल्या तोंडात लोळत होते. मी विचारलेलं त्यांना दोनदा सांगावं लागत होतं. कानही गेले होते. त्यामुळे आमचं पहिलं संभाषण म्हणजे एकाला बोलता येत नाही आणि तोच ऐकतही नाही, असं चाललं होतं. तिसऱ्या खेपेला मी खुर्ची जवळ ओढली आणि मुद्दा समजला.

वैशाखात त्यांच्या नातवाची मुंज होती. मुलगा पुण्याला कारखान्यात, त्याची संध्या केव्हाच सुटली होती. नातू आणि सून गुरुजींकडेच राहायचे. "आमच्या घरात मंत्र आजोबानं द्यायचा असतो," गुरुजी म्हणाले. "मला माझ्या आजोबांनी दिला. उपरणं पांघरायचं अन् कानात सांगायचं. मी जसा सांगीन तसा पोरगा घेणार, अन् तसाच जन्मभर म्हणणार. पुढं त्याच्या पोराला तसाच देणार. अन् मी म्हणतो कसा, ते ऐकताच आहात."

ऐकतच होतो. जीभ वरच्या दातांना मागून टेकल्याशिवाय त, थ, द, ध नीट निघत नाहीत, आणि दातांच्या फटीतून हवा गेल्याशिवाय सकार निघत नाही. या माणसाची निम्मी बाराखडी दातांबरोबर गेली होती. यजमानांना त्याचं फारसं काही नव्हतं. सत्यनारायण बोबडा झाला तरी प्रसाद तोच. पण नातवाच्या बाबतीत गुरुजींना झोप लागत नव्हती. "मी गेल्यावर माझं काय राहणार? तेवढं एक राहणार. ते तरी वाकडं नको," असं ते म्हणाले आणि टोपी काढून डोकं पुसत बसले.

मला ते काम आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. महिनोन्‌महिने नुसत्या दाढा उपटल्यानंतर कुणीतरी काहीतरी बसवून मागत होतं. आणि तेही मिरवायला किंवा भाकरी चावायला नव्हे, तर एका ठरावीक आवाजासाठी.

कवळीचं काम तेव्हा सगळं हातानंच करायचं. गरम पाण्यात मऊ केलेली वडी तोंडात दाबून जबड्याचा ठसा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून जबड्याची प्रतिकृती करायची. तिच्यावर मेणाची कड उभी करायची आणि ती तोंडात घालून बघायची: ओठ किती उचलला जातो, गिळताना हनुवटी कुठं येते. मग त्या मेणात एकेक दात बसवायचा. मेण आहे तोवर सगळं हलवता येतं. समोरचे दोन दात केसभर पुढं घेतले की चेहरा बदलतो, केसभर मागं नेले की बोलणं बदलतं. एकदा पक्कं झालं की मग फक्त घासता येतं. म्हणून मेणाचे दात तोंडात घालून माणसाला बोलायला लावायचं, भरपूर बोलायला लावायचं, हा त्या कामाचा जीव.

मी सगळ्यांना गावांची नावं म्हणायला लावायचो. पुस्तकातले इंग्रजी शब्द इथं काय कामाचे? दाळिंब, येणेगूर, नळदुर्ग, सोलापूर. आणि सगळ्यात महत्त्वाचं सास्तूर. त्या एका नावात दोन सकार आणि त्यातल्या एकाला चिकटून तकार, म्हणजे जी काय चूक असेल ती तिथं उघडी पडते. माझ्या खुर्चीत बसून सास्तूर म्हणून गेलेली माणसं अजूनही त्या तालुक्यात असतील.

गुरुजी मेणाच्या दातांनी सास्तूर उत्तम म्हणाले. दाळिंबही छान आलं. मी म्हटलं, "आता मंत्र म्हणा."

त्यांनी तोंड मिटलं. खिडकीबाहेर बघायला लागले.

"तो असा म्हणायचा नसतो," म्हणाले.

"असा म्हणजे?"

"म्हणजे… असा. कुणापुढंही."

आता तोच मंत्र मोबाईलच्या घंटीत वाजतो आणि गाडी मागं घेतानाही वाजतो. तेव्हा तसं नव्हतं. मला तो मंत्र ऐकायची काडीची हौस नव्हती. समोरचे दोन दात आहेत तिथं ठेवायचे की हलवायचे, एवढंच मला कळायला हवं होतं. पण 'कुणापुढंही' म्हणताना त्यांनी जो क्षणभर वेळ घेतला तो माझ्या लक्षात आला, आणि मी विषय सोडून दिला. त्यांच्या सास्तूरवर विश्वास ठेवून दात पक्के करायला घेतले.

ते काम मागच्या खोलीत चालायचं. मेणाची कवळी पितळी डबीत प्लास्टरमध्ये गाडायची, मेण वितळवून काढून टाकायचं आणि त्या जागी गुलाबी मसाल्याचा कणकेसारखा गोळा भरायचा. डबी शिकंज्यात करकचून आवळायची आणि पाण्यात ठेवून उकळायची. गुरुजी त्या दिवशी लवकर आले होते. वातीच्या स्टोव्हवर पातेलं खदखदत होतं, त्यांनी दारातूनच विचारलं, "काय शिजतंय?"

"तुमचे दात."

त्यांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा ऐकू गेलं तेव्हा इतके हसले की टोपी खाली पडली.

कवळी बसली. गाल भरले, माणूस दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला. जाताना त्यांनी जिन्यावर थांबून खतासाठी उभ्या असलेल्या लोकांना उगाचच पावसाबद्दल दोन शब्द ऐकवले, स्पष्ट उच्चारात. मीही खूश होतो.

आठवडा झाला नसेल, गुरुजी परत आले. कवळी तोंडात नव्हती, हातात होती, फडक्यात गुंडाळलेली. बरोबर त्यांच्या पत्नी, काकू, आल्या होत्या, लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेल्या, बारीक अंगाच्या. त्या उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या.

"बसत नाही," गुरुजी म्हणाले. "तोंड उघडलं की पडती."

मी वरची कवळी प्लास्टरच्या प्रतिकृतीवर ठेवून बघितली. जी कालपरवापर्यंत घट्ट बसत होती ती आता डुगडुगत होती. मागची कड उचलली गेली होती. आपोआप असं होत नाही.

"ही उकळली का कुणी?"

गुरुजींना ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं. उंबऱ्यावरून उत्तर आलं.

"मी उकळली. रोज उकळायची. मुंजीत सोवळ्यात तोंडात घालायची वस्तू. चारचौघांचे हात लागलेले."

चारचौघांचे नव्हते. माझेच लागले होते. खोलीत मीच एकटा काम करायचो आणि हे तिघांनाही माहीत होतं. मी म्हणालो, "काकू, भांडं उकळलं तर वाकत नाही. ही वाकते."

"मग तुम्ही शेगडीवर ठेवली होती ती? यांनी बघितली. हेच म्हणाले, डॉक्टर स्वतः उकळतात, काही होत नाही."

प्रश्न बिनतोड होता. मी त्यांना डबी आणून दाखवली, शिकंजा दाखवला. चारी बाजूंनी आवळलेली असते तेव्हा ती उकळली तरी हलायला जागाच नसते, मोकळी उकळली की जिकडे मन होईल तिकडे वळते. त्यांनी डबीला हात न लावता ती नीट पाहून घेतली.

"मग ही धुवायची कशानं?"

"गार पाण्यानं. साबणानं."

"अन् सोवळ्याचं काय?"

"त्याचं औषध माझ्याकडं नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढलेला होता. मला राग आला होता तो वाया गेलेल्या कामाचा, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. ते काही खरं नव्हतं. राग दोन्हींचा होता. मी रात्रीचा दिवस करून घडवलेली वस्तू, त्या बाईंनी माझे हात तिच्यावरून निघावेत म्हणून उकळून वाकवली होती. हे सगळं तोंडावर म्हणावंसं वाटत होतं, आणि समोर दोन म्हातारी माणसं उभी होती. त्यांतलं एक घाबरून आपल्या हिरड्यांवरून जीभ फिरवत होतं.

"सरळ करता येईल?" गुरुजींनी विचारलं.

"नाही. नव्यानं करावी लागेल. पहिल्यापासून."

"मुंज पंधरवड्यावर आली."

"तरी."

मग काकू म्हणाल्या, "अन् तशीबी ती वाजत होती."

"काय वाजत होती?"

"कवळी. हे पहाटे संध्या करतात तेव्हा शिट्टी वाजती. बारीक. यांना कळत नाही. मी सांगितलं तर म्हणतात, तुझ्या कानात वाजती."

मी गुरुजींना सास्तूर म्हणायला सांगितलेलं आठवलं. मोठ्यानं, माझ्याकडे तोंड करून, खुर्चीत ताठ बसून म्हणाले होते. पण संध्या मोठ्यानं करत नाहीत, आणि मुंजीतला मंत्र तर कानात सांगायचा असतो. कुजबुजताना हवा वेगळी सुटते. समोरच्या दातांमागं हवेला अरुंद वाट मिळाली की नेमका कुजबुजतानाच सकार शीळ घालतो. म्हणजे उकळली नसती तरी ती कवळी मुंजीला नापासच होती. नातवाच्या कानापाशी ती शीळ भोंग्यासारखी वाजली असती.

मी खुर्ची गुरुजींच्या जवळ ओढली आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. दुसरी करून देतो. मुंजीच्या आत देतो. पण या वेळी मेणाचे दात तोंडात असताना मंत्र ऐकल्याशिवाय पक्के करणार नाही. आणि मोठ्यानं नाही, मुंजीत सांगाल तसाच, कानात.

"कुणाच्या कानात?"

"इथं दुसरा कोण आहे?"

गुरुजींनी पिशवी काखेत घेतली. खाली कुणीतरी खताच्या पोत्यावरून भांडत होतं. मला वाटलं, हे आता उठतील आणि सोलापूरच्या डॉक्टरकडे जातील, आणि जाऊ देत.

काकू उंबऱ्यावरून आत आल्या. पहिल्यांदाच. "म्हणा," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "पोरानं शिट्टी शिकण्यापेक्षा ते बरं."

"अगं पण—"

"मीसुद्धा ऐकायचा नसतो. चाळीस वर्षं ऐकती आहे. स्वयंपाकघराची भिंत काय किल्ल्याची आहे?"

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता गारच पाणी. देवाला काय सांगायचं ते मी सांगते."

त्यानंतर मला त्या बाईंवर चिडता आलं नाही. प्रयत्न केला होता.

पुन्हा ठसे, पुन्हा प्लास्टर. पाणी विकत घ्यायचे दिवस होते, प्लास्टर कालवताना मी घोटभर पाणीही सांडू देत नसे. मेणाचे दात तयार झाल्यावर गुरुजी एकटे आले. मी दार लोटून घेतलं, त्यांच्या तोंडात मेणाची कवळी बसवली, आणि खुर्चीशेजारी वाकून कान पुढं केला. त्यांनी सवयीनं खांद्यावरचं उपरणं उचललं, अर्धवट धरलं आणि परत खाली ठेवलं. माझ्यावर पांघरायचं की नाही, हे त्यांना ठरवता आलं नसावं.

मग त्यांनी मंत्र म्हटला. कानात, मुंजीत सांगतात तसाच, तुकड्या-तुकड्यानं.

मी अर्थाकडे लक्ष दिलं नाही, आणि मला तो फारसा कळतही नव्हता. मी दात ऐकत होतो. दुसऱ्याच शब्दात शीळ वाजली. "थांबा," म्हटलं. कवळी काढली, समोरच्या दातांमागं टाळूला मेणाचा जरासा थर चढवला, परत घातली. "पुन्हा म्हणा." शीळ कमी झाली, पण सकार जाड आला. थोडं मेण खरवडलं. "पुन्हा." तकार ढिला पडला, समोरचे दोन्ही दात किंचित आत घेतले. "पुन्हा." किती वेळा म्हणून घेतला ते मी मोजलं नाही. आधी गुरुजी प्रत्येक वेळी दाराकडे बघायचे. पुढं बघेनासे झाले. मी "शेवटचा शब्द फक्त" म्हणायचो आणि ते फक्त शेवटचा शब्द म्हणायचे. दोन कारागीर एखाद्या दाराची कडी बसवत असावेत तसं ते काम चाललं होतं.

एकदाची हवा स्वच्छ गेली. मी सरळ उभा राहिलो, पाठ धरली होती.

"झालं?" गुरुजींनी विचारलं.

"झालं. आता शीळ नाही."

त्यांनी कवळी काढून माझ्या हातात दिली आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "बघा डॉक्टर, नातवाच्या आधी तुम्हाला दिला."

चांगल्या मनानंच म्हणाले होते. काहीतरी मोठं दिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. मला मात्र ते टोचलं. मागितलेलं नसताना पदरात पडलेल्या दानाचं काय करायचं, ते मला कधीच जमलेलं नाही. "मला मंत्र नको होता, गुरुजी," मी म्हणालो. "मला तुमचा सकार हवा होता." त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. मान हलवली खरी.

संध्याकाळी जेवताना मी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांच्या लहानपणी तो मंत्र कानावर पडला असता तर काय झालं असतं, हे त्यांना मला सांगायची गरज नव्हती. ते भाकरी मोडत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मंग? कान धुतलास का न्हाय?"

आणि तोंडातला घास सावरत इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी उठून पाणी दिलं.

कवळी वेळेत दिली. मुंज झाली. बोलावणं आलं नाही, येईल असं मला वाटलंही नव्हतं. मुंज पार पडल्यावर बऱ्याच दिवसांनी गुरुजी नातवाला घेऊन जिना चढून आले. कवळी तोंडात, शब्द खणखणीत. पोरगं आठ वर्षांचं, मुंडण केलेल्या डोक्यावर नुकतं खुरटं उगवलेलं, शेंडी तेवढी लांब. गुरुजींचा चेहरा मात्र पडलेला होता.

"आ कर," त्यांनी नातवाला सांगितलं.

पोरानं आ केला. वरचे समोरचे दोन्ही दात गायब.

"मुंजीच्या आदल्या दिवशी एक, अन् मांडवात दुसरा," गुरुजी म्हणाले. "लाडू खाताना."

मला हसू आवरेना, आणि मग स्वतःची कीव आली. दुधाचे पुढचे दात पडतात ते सहाव्या-सातव्या, फार तर आठव्या वर्षी, हे मला शिकवलेलं होतं. आठव्या वर्षी मुंज करतात, हे गुरुजींना त्यांच्या आजोबांपासून ठाऊक होतं. आम्ही दोघं महिनाभर त्या मंत्रावर खपलो आणि तो ज्या तोंडात जायचा होता त्या तोंडात डोकावून बघायचं कुणालाही सुचलं नाही.

"यालाही दोन बसवून द्या," गुरुजी म्हणाले.

मी पोराची हिरडी चाचपून पाहिली. आत कडक कड बोटाला लागत होती. "बसवायचे नाहीत. येतायत आपले आपण. थोडे महिने जातील."

"तोवर चुकीचा घोकील. चुकीचाच बसेल जिभेवर."

"दात आला की जीभ आपोआप तिथं जाते. फक्त तेव्हा कुणीतरी ऐकून सांगायला हवं."

गुरुजी खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत म्हणाले, "तेच तर आहे, डॉक्टर. मला ऐकू येत नाही. हा म्हणतो, अन् मला सगळं बरोबरच वाटतं. माझी शिट्टीसुद्धा मला हिनं सांगितली. हिला चुकलेलं कळतं, पण का चुकलं ते सांगता येत नाही. तुम्हाला दात दिसतो." मग म्हणाले, "तुमच्याइतका जवळून मंत्र माझ्याकडून दुसऱ्या कुणी ऐकलेला नाही. याचा तुम्ही ऐकाल का?"

त्या म्हाताऱ्यानं घरातलं जे एवढं एकच पुढं द्यायचं होतं, ते दिलं होतं, आणि ते नीट पोचलं की नाही हे त्याला या जन्मात कळणार नव्हतं. माझा सगळा जुना राग तिथंच बसलेला होता, कुठं गेला नव्हता. पण त्या प्रश्नाला नाही म्हणता येईना.

मी दिवा लावला आणि पोराच्या तोंडाकडे वळवला. "म्हण," म्हटलं.

पोरानं आजोबांकडे पाहिलं. त्याला कुणापुढंही म्हणायचा नाही, असं बजावलेलं असणार.

"म्हण," गुरुजी म्हणाले. "मोठ्यानं म्हण. डॉक्टरांना ऐकू दे."

पोरानं मंत्र म्हटला. मी त्याच्या जिभेकडे बघत ऐकला. गुरुजी एक हात कानामागं धरून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, पोराकडे नाही.

"बाजूच्या दातांवर निभावतोय, तकार चांगला आहे," मी सांगितलं. "धकारही. सकार अजून यायचाय, दाताबरोबर येईल. महिन्याभरानं परत आणा."

"काय म्हणालात?" गुरुजींनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि सगळं पुन्हा सांगितलं.